धम्म-अभ्यास : सिद्धार्थाने घर का सोडले?



दीक्षा झाली, घरातले जुने देव गेले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली. आता लेकरू विचारते, "बुद्धाने घर का सोडले?" तुम्ही काय सांगता? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून, असेच ना? आज हे उत्तर तपासून घेऊ.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झाले. त्या मुलाच्या हाती बुद्धचरित्र पडले ते पुढे मुंबईत, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा. दादा केळुसकरांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेले आपलेच पुस्तक त्याला भेट दिले. हे ऋण बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे.

दुसरे नाव धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धधम्म शिकण्यासाठी सिंहलद्वीपात गेला, भिक्खू झाला आणि पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. सांगलीकरांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावे : डॉ. प. ल. वैद्य. ते विलिंग्डन कॉलेजात प्राध्यापक होते. ललितविस्तर, दिव्यावदान हे बौद्ध संस्कृत ग्रंथ त्यांनी पुढे संपादित केले.

"कोसंबी, वैद्य हे ब्राह्मण. त्यांचे आपण का वाचावे?" असे आपल्या बैठकीत कोणीतरी विचारतोच. आपण जे सोसले त्यावरून हा प्रश्न रास्त आहे. पण लेखक कोणत्या जातीचा यापेक्षा तो आधार कशाचा देतो, हे पाहावे.

कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात दाखवले की, म्हातारा-आजारी-प्रेत ही कथा महापदान सुत्तात आहे, पण ती विपस्सी बुद्धाची. गौतमाच्या तोंडी सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात निराळेच कारण येते. आटत्या पाण्यातल्या मासोळ्यांसारखी माणसे तडफडताना आणि शस्त्र उगारून एकमेकांवर उठताना पाहून त्याला भय वाटले. बाबासाहेब तर सरळ विचारतात : एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता काय? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये शाक्य व कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडतात. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघात त्याची बाजू हरते आणि तो परिव्रज्या घेतो.

माण-खटावच्या किंवा जतच्या माणसाला पाण्याचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्यांना १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला, त्यांना तर मुळीच नाही.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर बाबासाहेबांच्या ग्रंथातील पहिल्या खंडाचा पहिला भाग मोठ्याने वाचा. घरात ज्याला चांगले वाचता येते त्याने वाचावे, मग ती आठवीतली मुलगी का असेना. आजीला अक्षरओळख नसेल तर तिला पुढे बसवा आणि शाक्यांच्या सभेत तिने कोणाच्या बाजूने हात वर केला असता, ते तिला विचारा.