गव्हाणीपासून मागं मोजत ये

गारगोटी,
१२ सप्टेंबर

चि. बाळ,

परवा आक्काचा फोन आला होता. वैरणीचे गठ्ठे बांधणारं बेलर घ्यायचं तुझ्या मनात पक्कं झालंय, दोन ठिकाणची कोटेशन आणलीस आणि बँकेतही जाऊन आलास, असं ती म्हणाली. "तूच त्याला चार ओळी लिही, फोनवर ऐकलेलं तो विसरतो," असंही म्हणाली. म्हणून आज वर्कशॉप लवकर बंद करून लिहायला बसलोय.

पहिलं सांगतो, धंदा चांगला निवडलास. आपल्या जिल्ह्यात ऊस आहे तसंच दूधही आहे. १९६३ साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, त्यानंतर दहा-वीस गुंठे जमीन असलेल्या घरालाही म्हशीच्या दुधाचं बिल हाती येऊ लागलं. त्या म्हशीला बारमाही वैरण लागते. एकीकडं भाताचं पिंजर पावसात भिजून कुजतं, डोंगरातलं गवत वणव्यात जातं, आणि दुसरीकडं जून-जुलैत वैरणीसाठी माणूस दारोदार फिरतो. या दोन टोकांना जोडणारं काम तू करायला निघालास. त्याचा मला अभिमान वाटतो.

पण तू सुरुवात यंत्रापासून केली आहेस, ती गव्हाणीपासून कर. तुझा गठ्ठा शेवटी ज्या म्हशीच्या पुढ्यात सुटणार, तिथं आधी जाऊन उभा राहा आणि तिथून एकेक पाऊल मागं शेतापर्यंत ये. वाटेत कुठलं यंत्र लागतं ते आपोआप कळेल.

आपल्याकडं म्हशीला वैरण विकत कधी लागते? साखर कारखाने सुरू असतात तेव्हा उसाचं वाडं मिळतं. ऊसतोड चालू असताना पिंजराला कुणी भाव देत नाही. हंगाम संपून कारखान्यांचे पट्टे पडले की एप्रिलपासून टंचाई सुरू होते आणि ती पावसाळा सरेपर्यंत राहते. म्हणजे तू बांधणार ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि विकणार एप्रिल ते ऑगस्टात. मधले पाच महिने माल कोरडा राखणं हाच तुझा खरा धंदा. त्यामुळं बेलरच्या आधी शेडचा विचार कर. जमीन उंचावर हवी, खाली फळ्या किंवा दगड टाकून हवा खेळती हवी, आणि रस्ता पावसातही ट्रॉली जाईल असा हवा.

पावसाचं म्हणतोय ते उगीच नाही. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा मी जनावरांच्या एका छावणीत ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. एक बाई भिजलेलं पिंजर हातानं सोडवून कोरड्या काड्या वेगळ्या काढत होती आणि त्या तीन म्हशींत वाटत होती. गावात तिची पिंजराची व्हळी रचलेली होती, पण ती पाण्यात गेली होती. सुटी वैरण चार तासांत हलवता येत नाही. गठ्ठे असते तर घरच्या दोघांनी ते पोटमाळ्यावर टाकले असते. २०२१ ला पुन्हा तीच वेळ आली. नदीकाठच्या गावांना गठ्ठ्याची किंमत तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते, तिथं आधी जा.

आता हिशेब मांडू. हिरवी वैरण थोडीफार असताना एका म्हशीला रोज साधारण पाच किलो पिंजर धर. चार जनावरांच्या घराला पाच महिन्यांत तीन टन लागतं. गठ्ठा १८ किलोचा धरलास तर दीडशेच्या वर, पावणेदोनशेच्या आत गठ्ठे झाले. म्हणजे अशी तीस घरं मिळाली की पाच हजार गठ्ठे खपले. उलटं बघ. भाताच्या एकराला सव्वा टन पिंजर हाती आलं तर सत्तर गठ्ठे होतात. पाच हजारांसाठी सत्तर-पंच्याहत्तर एकर फिरायला लागेल. परतीचा पाऊस आणि दिवाळी वजा जाता कोरडे दिवस पंचवीस मिळाले, तर रोज दोनशे गठ्ठे. कंपनीच्या पत्रकातला तासाचा आकडा लांब, मोकळ्या रानाचा असतो. आपल्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यांत निम्मा वेळ वळण्यात आणि बांध ओलांडण्यात जातो.

हप्ता, व्याज आणि शेड मिळून समज वर्षाला तीन लाख बसले. पाच हजार गठ्ठे झाले तर एका गठ्ठ्यावर साठ रुपये, दोन हजारच झाले तर दीडशे. डिझेल, सुतळी, मजुरी त्यावर वेगळी. १८ किलोच्या गठ्ठ्यावर दीडशेचा बोजा कुठला शेतकरी देईल? तीस घरं आणि सत्तर एकर कागदावर नावानिशी येईपर्यंत बँकेच्या कागदावर सही करू नकोस.

शेतात आलास की दुसरा प्रश्न येतो. बेलर मागं ओढत नेलं की ते जमिनीवर ओळीत पडलेला माल उचलतं. आपल्याकडं अजून पुष्कळ भात विळ्यानं कापतात आणि खळ्यावर झोडतात. तिथं पिंजर पेंड्या बांधून एका जागी रचलेलं असतं, शेतात पसरलेलं नसतं. जिथं हार्वेस्टर फिरतो तिथंच ओळ मिळते. म्हणून तुझ्या सत्तर एकरांत हार्वेस्टरचे किती आणि हातकापणीचे किती, हे वेगळं लिही. हातकापणीचंच रान जास्त निघालं, तर एका जागी उभं राहून हातानं भरायचं बेलर पाहा. ते स्वस्त पडतं आणि खळ्यावर नेता येतं.

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडचं डोंगरी गवत घ्यायचं असेल तर ते फुलोऱ्यात असताना कापायला हवं. कुसळं धरली की जनावराच्या तोंडाला टोचतं आणि कसही जातो. माळावर दगड असतात, तेव्हा रान आधी पायी फिरून वेचून घे. एक दगड आत गेला की दिवस गेला.

उसाच्या पाचटाकडं मात्र पहिली दोन वर्षं वळू नकोस. पाहायला माल अमाप आहे, हेक्टरी आठ-दहा टन निघतं. पण ते चिवट आणि धुळीचं, यंत्र झिजवतं. जनावर ते खात नाही, ते जळणासाठी जातं. आणि खरं सांगू, पाचटावर पहिला हक्क जमिनीचा आहे. ज्यांनी ते न पेटवता सरीत कुजवलं त्यांच्या खोडव्याला पाणी कमी लागतं, हे आपण डोळ्यांनी बघतो. शेतकऱ्यानं विचारलं तर त्यालाही हेच सांग.

आता यंत्र. लहान चौकोनी गठ्ठ्याचं बेलर साधारण चौदा बाय अठरा इंचांच्या चौकटीत माल दाबतं, लांबी कमी-जास्त करता येते. गठ्ठे विटांसारखे रचले जातात, ट्रॉलीत आणि माळ्यावर जागा वाया जात नाही, एकटी बाई उचलून गोठ्यात नेऊ शकते. पण त्याला नॉटर असतो. गाठ मारणारा हा भाग नाजूक आहे, आणि यंत्रही जड आहे. लहान गोल गठ्ठ्याचं बेलर हलकं आणि साधं. सुतळी गुंडाळतं, गाठ मारत नाही. कमी ताकदीच्या ट्रॅक्टरवर चालतं. मात्र दर गठ्ठ्याला थांबावं लागतं, रचायला अवघड, आणि उतारावर गठ्ठा सुटला तर खालच्या बांधापर्यंत गडगडत जातो.

तुझ्या बाजूची खाचरं लहान आणि चढउताराची आहेत. दाजींचा ट्रॅक्टर ३९ एचपीचा. त्यावर जड चौकोनी बेलर ओढलंस तर उतारावर ते मागून ट्रॅक्टरला ढकलेल. माझं मत, सुरुवात लहान गोल बेलरनं कर. पुढं सपाटीवरची हार्वेस्टरची रानं हाती आली की चौकोनी घे.

आणि ट्रॅक्टरचा क्लच बघ. याकडं कुणीच लक्ष देत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की चाकं थांबतात तसा बेलर फिरवणारा पीटीओही थांबतो. ओळ एखाद्या ठिकाणी दाट आली की तुला पुढं जाणं थांबवून बेलर मात्र फिरतं ठेवायला हवं, नाहीतर माल तोंडाशी अडकून बसतो. डबल क्लच असेल तरच पुढं जा. दाजींच्या ट्रॅक्टरला तो आहे का, मी स्वतः येऊन बघतो.

बेलर घेण्याआधी पसरलेला माल ओळीत ओढणारा रेक घे. ओळ जेवढी सारखी, गठ्ठा तेवढा सारखा. रेकनं माल उलटा-पालटा केला की वाळतोही लवकर. वाळलं की नाही ते हातानं ओळख. मूठभर काड्या पिळून बघ, पेराजवळ मोडून बघ. पेरात ओल लागली तर बांधू नको. ओलाव्यावर बांधलेला गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो आणि कधी पेटही घेतो. बांधल्यावर तीन दिवसांनी पाच-सहा गठ्ठ्यांच्या पोटात हात घाल. गरम लागले तर बाहेर काढून सोड. बुरशीचा एक गठ्ठा गेला की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

सुतळी ताग किंवा सिसलची घे. प्लास्टिकची दोरी स्वस्त आणि टिकाऊ असते, पण तिचा तुकडा म्हशीच्या पोटात गेला तर तो पचत नाही, तिथंच गोळा होऊन बसतो. प्लास्टिकच वापरावी लागली तर दोरी मोजून परत घ्यायची सवय गिऱ्हाइकाला लाव.

जुनं यंत्र घ्यायचं झालं तर उभ्या जागी फिरवून दाखवलेलं मानू नको. शेतात नेऊन पन्नास गठ्ठे बांधून घे आणि प्रत्येकाची बांधणी तपास. नवं घेतलंस तर सुटे भाग कुठं मिळतात ते विचार. ऐन हंगामात एका लहान भागासाठी अकरा दिवस यंत्र माझ्या दारात उभं राहिलेलं मी पाहिलंय. त्या मालकाचं वर्ष त्या अकरा दिवसांत गेलं.

अनुदानासाठी महाडीबीटीवर आत्ताच अर्ज कर, आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नकोस. आधी बिल करून मागून अर्ज करणारे रिकाम्या हातानं परत येतात. अनुदान मिळेलच असं धरून हप्त्याचा हिशेबही करू नकोस.

शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. आत दगड किंवा ओला गोळा गेला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून एकानं तिथं जाड, कडक बोल्ट घातला होता. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स फुटलेलं यंत्र माझ्याकडं आलं. बोल्ट तुटला तर कारण शोध, आणि कंपनीनं सांगितलेल्या मापाचे डझनभर खिशात ठेव.

गिअरबॉक्स बदलता येतो. हात बदलता येत नाही. अडकलेला माल चालू पिकअपमधून ओढायला गेलेल्या एका पोराचा हात मी पाहिलाय, तुझ्याच वयाचा होता. इतक्या वर्षांनी अजून डोळ्यांसमोर येतो. आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं, मगच हात लावायचा. शाफ्टवरचं गार्ड कधी काढायचं नाही. अंगात सैल शर्ट, गळ्यात टॉवेल नको. हे मला तोंडानं सांगू नकोस, रोज करून दाखव. तुझ्याकडं कामाला येणाऱ्या पोरांनाही हाच नियम.

आता तुला एक काम देतो. दसऱ्यापर्यंत एक वही कर. तीस गोठ्यांत जा. जनावरं किती, वैरण कधी विकत घेतात, माळ्याचं दार किती रुंद, दारापर्यंत ट्रॉली जाते की टेम्पो, आणि गठ्ठा उचलणार कोण, एवढं लिही. उचलणारी त्या घरातली म्हातारी असेल तर १८ किलोही जड आहे, बारा-पंधराचा बांधावा लागेल. ही गोष्ट तुला कुठलाही विक्रेता सांगणार नाही, ती म्हातारीच सांगेल.

वही भरली की घेऊन ये. मग आपण दोघं यंत्र बघायला जाऊ, आणि त्या दिवशी गाडीचं भाडं माझं.

आक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा