पहिला कामगार ठेवताना: कोणती नोंदणी, किती खर्च

परभणीच्या नव्या मोंढ्यात, जिंतूर रोडवर किंवा सेलू-मानवतच्या बाजारपेठेत नवीन दुकान टाकणारा माणूस भाडे, डिपॉझिट, फर्निचर आणि माल यांचा हिशोब चोख करतो. पहिला कामगार पगारावर ठेवला की सरकारदरबारी आपले नाते बदलते, हे मात्र अनेकांना नोटीस आल्यावर कळते. आपण आता फक्त व्यापारी राहत नाही, कायद्याच्या भाषेत 'नियोक्ता' होतो आणि पगाराशी जोडलेल्या तीन-चार नोंदण्या लागू होऊ शकतात. त्या कोणत्या, कुणाला आणि खिशाला किती लागतात, याचा हा हिशोब आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. खाली दिलेल्या नोंदण्यांना सरकारी शुल्क नाही. खर्च होतो तो करावर, वर्गणीवर आणि सगळ्यात जास्त उशिरावर.

बेकारीचा कर आपल्याकडे कुठे आहे?

अमेरिकेत मालकाला कामगारांच्या पगारावर बेकारी विम्याचा कर भरावा लागतो. आपल्याकडे त्या नावाचा वेगळा कर नाही, पण त्यामागचा विचार महाराष्ट्राने फार पूर्वीच कायद्यात आणला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली. मराठवाड्यातल्या घराघरांतल्या जुन्या माणसांना खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची ती कामे आठवतात. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी थोडे थोडे द्यायचे आणि गावाकडे हाताला काम मिळवून द्यायचे, असा तो विचार होता. म्हणून पगारपत्रकातल्या 'पीटी' या रकान्याकडे नुसती कटकट म्हणून पाहू नका.

व्यवसाय कर: दोन नोंदण्या, दोन क्रमांक

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण नोंदण्या दोन आहेत.

पीटीईसी ही मालकाची स्वतःची नावनोंदणी. व्यवसाय तुम्ही करता, म्हणून तुमचा कर तुम्ही भरायचा. दुकानदार, व्यापारी आणि कारखानदार यांना तो साधारणपणे वर्षाला २,५०० रुपये असतो. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराने स्वतंत्र नावनोंदणी करायची असते. कामगार एकही नसला तरी ही जबाबदारी टळत नाही.

पीटीआरसी ही नियोक्ता म्हणून नोंदणी. कामगाराच्या पगारातून कर कापायचा आणि सरकारकडे भरायचा, त्यासाठी ती लागते. करपात्र पगार घेणारा एक जरी कामगार असला तरी ती घ्यावीच लागते.

कामगारांसाठी दर असे आहेत:

- पुरुष, महिना ७,५०० रुपयांपर्यंत पगार: कर नाही
- पुरुष, ७,५०१ ते १०,००० रुपये: महिना १७५ रुपये
- पुरुष, १०,००० रुपयांच्या वर: महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये
- महिला, २५,००० रुपयांपर्यंत: कर नाही (१ एप्रिल २०२३ पासून)
- महिला, २५,००० रुपयांच्या वर: महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये

फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का, असे कामगार हमखास विचारतात. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून ती रक्कम पूर्ण होते. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांना आणि कायद्याने ठरवलेल्या प्रमाणात कायमचे अपंगत्व असलेल्यांना सूट आहे. तिचा पुरावा फाइलला लावून ठेवा.

अर्ज कसा करायचा

अर्ज राज्य जीएसटी विभागाच्या महाजीएसटी संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा. जबाबदारी सुरू झाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. ही कागदपत्रे हाताशी ठेवा:

- मालकाचे किंवा संस्थेचे पॅन कार्ड, आधार आणि फोटो
- जागेचा पुरावा: वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा भाडेकरार
- रद्द केलेला धनादेश
- शॉप अ‍ॅक्टचे प्रमाणपत्र किंवा सूचनापत्राची पोच
- कामगारांची नावे, रुजू झाल्याची तारीख आणि पगार यांची यादी

शॉप अ‍ॅक्टबद्दलही एक सांगायला हवे. २०१७ च्या कायद्यानंतर कमी कामगारांच्या दुकानाला पूर्ण नोंदणी लागत नाही, कामगार विभागाला ऑनलाइन सूचना दिली की पुरते. त्यालाही शुल्क नाही. खासगी मर्यादित कंपनी काढत असाल, तर महाराष्ट्रात व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय या नोंदण्या कंपनी स्थापनेच्या अर्जातच होतात. असे क्रमांक मिळाले म्हणून त्या दिवसापासून वर्गणी सुरू होतेच असे नाही. कामगारसंख्येची अट पूर्ण झाल्यावर ती सुरू होते.

क्रमांक हातात आले की ते नीट वाचा. पीटीआरसीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पीटीईसीचा ९९ ने. एमटीआर-६ चलन भरताना घाईत एकाचा पैसा दुसऱ्या क्रमांकावर जमा होतो. कर भरूनही थकबाकी दिसते आणि मग दुरुस्तीसाठी कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. 'भरा' हे बटण दाबण्यापूर्वी चलनावरचे पहिले दोन अंक बघायची सवय लावा.

कामगार कल्याण निधी

पाच किंवा जास्त कामगार झाले की महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी लागू होते. २०२४ पासून दर सहा महिन्यांना कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५ रुपये असा दर आहे. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कपात करायची आणि १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत भरायची. रक्कम छोटी असल्याने ती सगळ्यात आधी विसरली जाते.

वीस कामगार झाले की

विसावा कामगार रुजू झाला की कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. ठेकेदारामार्फत घेतलेले कामगारही या मोजणीत येतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांवर कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाला त्याशिवाय विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का द्यावा लागतो, म्हणजे एकूण १३ टक्के. पगाराची वैधानिक मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कारखान्याला दहा कामगारांपासून लागू होतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. खऱ्या अर्थाने बेकारीचा विमा याच वर्गणीत दडलेला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मुदतवाढ मिळत गेलेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, नोकरी गेलेल्या पात्र विमाधारकाला सरासरी मजुरीच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते.

आपल्या जिल्ह्यासाठी इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. केवळ कापूस जिनिंग-प्रेसिंग, शेंगा फोडणे किंवा साखर-गूळ बनवणे एवढेच काम करणारे हंगामी कारखाने ईएसआयच्या बाहेर ठेवले आहेत. त्यामुळे मानवत-सेलूच्या निव्वळ जिनिंगला ईएसआय नसेल, पण वीस कामगार असतील तर पीएफ चुकत नाही. डाळ मिल मात्र या हंगामी यादीत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आहेत, तेव्हा नवीन अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेले नियम आणि नमुने तपासून घ्या.

दोन हिशोब

पहिले उदाहरण: कृषी सेवा केंद्र, चार पुरुष कामगार प्रत्येकी १४,००० रुपये पगारावर, दोन महिला प्रत्येकी १३,००० रुपयांवर.

- मालकाचा पीटीईसी: वर्षाला २,५०० रुपये
- कल्याण निधी, मालकाचा वाटा: ७५ × ६ × २ = ९०० रुपये
- पुरुषांच्या पगारातून कापायचा व्यवसाय कर: २,५०० × ४ = १०,००० रुपये
- महिलांचा व्यवसाय कर: शून्य

मालकाच्या खिशातून वर्षाला ३,४०० रुपये जातात. दहा हजार कामगारांच्या पगारातले असतात. ते कापायचे राहिले तरी सरकार मालकाकडूनच मागते, आणि मग खर्च १३,४०० रुपयांवर जातो.

दुसरे उदाहरण: एमआयडीसीतली डाळ मिल, २४ कामगार, प्रत्येकाचा मूळ पगार १५,००० रुपये आणि वेगळे भत्ते नाहीत. महिन्याचा पगार ३,६०,००० रुपये.

- पीएफ, मालकाचे १३ टक्के: ४६,८०० रुपये
- ईएसआय, मालकाचे ३.२५ टक्के: ११,७०० रुपये
- एकूण: महिना ५८,५०० रुपये, म्हणजे पगाराच्या १६.२५ टक्के

म्हणून विसावा माणूस घेण्याआधी मालाच्या दरात ही रक्कम धरा. एकोणीसवर थांबण्यासाठी कामगारांची नावे हजेरीपत्रकातून गाळू नका. एखादा अपघात झाला किंवा कुणी तक्रार केली की मागच्या तारखेपासून वसुली लागते, आणि त्या काळातला कामगाराचा वाटाही बहुतेक वेळा मालकालाच भरावा लागतो.

उशीर किती महाग पडतो

- पीटीआरसी वेळेत न घेतल्यास दिवसाला ५ रुपयांपर्यंत दंड, पीटीईसीसाठी दिवसाला २ रुपयांपर्यंत
- कर थकल्यास पहिल्या महिन्यासाठी १.२५ टक्के, तीन महिन्यांपर्यंत दरमहा १.५ टक्के आणि पुढे दरमहा २ टक्के व्याज
- रिटर्न ३० दिवसांपर्यंत उशिरा भरल्यास २०० रुपये, त्यानंतर १,००० रुपये विलंब शुल्क
- पीएफ थकल्यास वर्षाला १२ टक्के व्याज, शिवाय वेगळी नुकसानभरपाई

यातले विलंब शुल्क नव्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबते. वर्षाचा व्यवसाय कर एक लाखाच्या आत असेल तर रिटर्न वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत भरायचे असते. पूर्ण कर लागणारे चाळीसपेक्षा कमी कामगार असतील तर तुम्ही याच गटात येता. मात्र नोंदणीच्या पहिल्या वर्षी रिटर्न दरमहा द्यावे लागते. शेजारचा दुकानदार वर्षातून एकदा भरतो म्हणून नवा माणूस निवांत राहतो आणि बारा रिटर्नचे बारा हजार रुपये अंगावर येतात. दुकानाचा कर दहा हजार आणि विलंब शुल्क बारा हजार, असा उलटा हिशोब होतो.

पैसे वाचवायचे असतील तर

पीटीईसीचे चार वर्षांचे १०,००० रुपये एकरकमी आगाऊ भरले की पाच वर्षांची जबाबदारी संपते. २,५०० रुपये वाचतात आणि दर वर्षीची आठवणही ठेवावी लागत नाही. काही वर्षे नावनोंदणी राहून गेली असेल तरी घाबरू नका, मागचा कर जास्तीत जास्त चार वर्षांचाच लागतो. स्वतःहून पुढे येणे नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

कर सल्लागाराकडून काम करून घ्यायला हरकत नाही. तो वेळ देतो, त्याची फी योग्यच आहे. पण फीची पावती वेगळी घ्या आणि सरकारी चलनाची प्रत वेगळी मागा. व्यवसाय कर, पीएफ, ईएसआय, उद्यम यांपैकी कशाच्याही नोंदणीसाठी 'सरकारी फी' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. संकेतस्थळाचा लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घ्या. सल्लागार बदलला की जुन्या क्रमांकावर अडकलेले लॉगिन सोडवण्यात बराच वेळ जातो.

भिंतीवर लावायच्या तारखा

- दर महिन्याची १५ तारीख: मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय
- महिनाअखेर: मासिक रिटर्न असणाऱ्यांचा व्यवसाय कर
- १५ जानेवारी आणि १५ जुलै: कामगार कल्याण निधी
- ३१ मार्च: वार्षिक रिटर्न असणाऱ्यांचा व्यवसाय कर
- ३० जून: मालकाचा पीटीईसी (३१ मे नंतर नावनोंदणी केली असेल तर एका महिन्याच्या आत)

कामगाराच्या पगारातून कापलेला रुपया त्याचा असतो आणि तो सरकारजमा होईपर्यंत आपल्याकडे फक्त सांभाळायला दिलेला असतो. तो धंद्यात फिरवू नका. या महिन्याचे पगारपत्रक करायला बसाल तेव्हा सहीच्या रकान्याआधी पीटी, पीएफ, ईएसआय आणि कल्याण निधी असे चार रकाने आखा. लागू नसेल तिथे शून्य लिहा, पण एकही रकाना कोरा ठेवू नका.