आपत्ती, मदत आणि आपण विद्यार्थी

देशावर एखादी मोठी आपत्ती कोसळली की महाविद्यालयांतून प्रथम शोकसभा भरते, दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि नंतर मदतफेरी निघते. हे सर्व योग्यच आहे. परंतु विद्यार्थ्यांचे कर्तव्य तेथेच संपते काय, याचा विचार व्हावयास हवा. आपल्यापैकी अनेकांच्या खिशात फारसे पैसे नसतात. मात्र लिहिता-वाचता येणे हे एक धन आपणा सर्वांजवळ असते आणि आपत्तीच्या काळी त्याची गरज अन्नवस्त्राइतकीच भासते.

किल्लारीचेच उदाहरण घेऊ. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद अंगावर कोसळून, सरकारी आकड्यानुसार, जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली.

अशा वेळी भाकरी आणि पांघरूण पहिल्या काही दिवसांत लागते. नंतरचे प्रश्न निराळे असतात. घरात कोण उरले? जमीन कोणाच्या नावे आहे? कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेली असतील तर वारसाने काय करावे? पोरक्या मुलांच्या शिक्षणाचे काय? भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. हे काम आठवड्याचे नव्हे, तर वर्षानुवर्षांचे होते.

विद्यार्थ्यांनी असे काम केल्याचे दाखले आहेत. फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी मदतीस गेले होते. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हाहाकार उडविला. त्यानंतर 1985 च्या प्रारंभी याच संस्थेच्या पुढाकाराने समाजकार्याच्या शेकडो विद्यार्थ्यांनी दारोदार जाऊन सुमारे 25 हजार कुटुंबांची पाहणी केली. कोण गेले, कोण आजारी आहे, कमावते कोण उरले, हे त्यांनी लिहून काढले. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्याच्यापर्यंत मदत तरी कशी पोहोचणार?

आता आपल्याकडे पाहू. हुपरीत घरोघर चांदीचे काम चालते. आमच्याही घरी पैंजणांचेच काम. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. गल्लीतील कोणास बँकेचा किंवा सरकारी अर्ज भरावयाचा असला की, "पोरी, एवढं बघ गं जरा," म्हणून मला हाक येते. 2019 व 2021 साली पंचगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या कुटुंबांपुढे पंचनामा, सातबारा आणि पासबुक यांचाच घोर होता. पाणी ओसरते, पण कागदांचे काम मागे उरते.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दरवर्षी तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर होते. या योजनेतील आपल्या पथकाने तीन गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. पहिली, अर्ज भरणे व नोंदी करणे यांचे शिक्षण आधीच घ्यावे; संकट आल्यावर शिकावयास वेळ नसतो. दुसरी, वस्तू गोळा करण्यापूर्वी काय हवे ते आपद्ग्रस्तांनाच विचारावे. तिसरी, आपल्याच वर्गातील आपद्ग्रस्त मित्रमैत्रिणींकडे वर्षभर लक्ष ठेवावे. त्यांच्या वह्या उतरवून द्याव्यात, पुस्तके द्यावीत, परीक्षेच्या अर्जाची तारीख चुकू देऊ नये.

ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या घरातील पहिलेच मूल कॉलेजात आले आहे, तेथे संकट येताच प्रथम शिक्षण सुटते. त्यातही मुलीचे आधी. एकदा सुटलेले वर्ष पुष्कळदा कायमचेच सुटते. पडलेले घर सरकार बांधून देईल. परंतु वर्गातील रिकाम्या बाकावर कोण बसत होते आणि ते का आले नाही, हे शेजारी बसणाऱ्या आपल्यालाच प्रथम कळते. तेव्हा त्याच्या घरी जाऊन चौकशी करणे हे आपलेच काम आहे.