विणकरांच्या गावी

दूरच्या गावी पाहुणे म्हणून जावयाचे, तर तयारी दोन प्रकारची करावी लागते : एक सामानाची व दुसरी मनाची. सामानातली एखादी वस्तू राहिली, तर ती विकत घेता येते. मनाची तयारी राहिली, तर ती कोणत्याही बाजारात मिळत नाही. मुलांनो, आज आपण अशाच एका तीन दिवसांच्या सहलीची आखणी करू. आपल्याला जावयाचे आहे पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, बोनविरे नावाच्या विणकरांच्या गावी.

प्रथम नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पश्चिम भागात, गिनीच्या आखाताच्या काठी घाना दिसेल. हा देश ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. आक्रा ही त्याची राजधानी. तेथून सुमारे २५० किलोमीटरांवर कुमासी हे असांते लोकांचे जुने राजनगर आहे. घाना आज प्रजासत्ताक असला, तरी असांते राजाचा मान तेथे अजून राखला जातो. पहिला दिवस आपण कुमासीत घालवू व राजवाड्यातील संग्रहालय पाहू. दुसऱ्या दिवशी सुमारे १८ किलोमीटरांवरील बोनविरे गाठू. रविवारी पुष्कळ लोक प्रार्थनेस चर्चमध्ये जातात. म्हणून मागांचा खटखटाट ऐकावयाचा, तर आठवड्याच्या मधला दिवस निवडणे बरे. तिसरा दिवस परतीचा.

केव्हा जावे? एप्रिलपासून जुलैपर्यंत तेथे जोराचा पाऊस असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरडे. मात्र त्या वेळी सहारा वाळवंटावरून ‘हरमॅटन’ नावाचा वारा बारीक धूळ घेऊन येतो. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला जवळ नसेल, तर देशात प्रवेश मिळत नाही. हिवतापापासून बचाव व्हावा म्हणून वैद्यांचा सल्ला व मच्छरदाणी, दोन्ही हवीत.

ही झाली सामानाची तयारी. आता मनाची. असांते लोकांत भेटल्याबरोबर कामाचे बोलणे असभ्यपणाचे मानतात. आधी नमस्कार-चमत्कार, विचारपूस, मग काम. देणेघेणे उजव्या हातानेच करावयाचे. त्यांच्या त्वी भाषेतील दोन शब्द पाठ करा : ‘अक्वाबा’ म्हणजे सुस्वागतम् आणि ‘मेदासे’ म्हणजे आभारी आहे. कोणाचेही छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी मागावी. माणूस म्हणजे काही प्रदर्शनातील वस्तू नव्हे.

बोनविरेचे वस्त्र ‘केंटे’ या नावाने प्रसिद्ध आहे. रानात कोळ्याला जाळे विणताना पाहून दोघा जणांनी ही कला हस्तगत केली, अशी तेथे कथा सांगतात. विणकराच्या पुढे उभे धागे लांबवर ताणलेले असतात, व त्यांच्या टोकाला वजन बांधलेले असते. पायाच्या बोटांत धरलेल्या दोऱ्यांनी तो धागे वरखाली करतो आणि हातांनी धोटा फेकतो. तयार होते ती जेमतेम चार इंच रुंदीची पट्टी! अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या, म्हणजे अंगभर वस्त्र होते. पिवळा रंग वैभवाचा, हिरवा पिकांचा व वाढीचा, तर निळा शांततेचा मानतात.

प्रत्येक नक्षीला नाव असते, आणि नावामागे विचार असतो. देशाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांचा फातिया यांच्याशी विवाह झाला, तेव्हा एका नक्षीला ‘फातिया एन्क्रुमाला शोभते’ असे नाव पडले. १९६६ साली एन्क्रुमांची सत्ता गेली. नक्षी तीच राहिली. पण लोक तिला म्हणू लागले, ‘एकटा माणूस राष्ट्र चालवीत नाही’. पाहा, जे मोठमोठ्या ग्रंथांत लिहावे, ते या विणकरांनी धाग्यांत लिहिले!

डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याच्या कलेचा मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तथापि मानाने पोट भरत नाही. यंत्रावर छापलेले नकली केंटे बाजारात स्वस्त मिळते, आणि हातमागाच्या वस्त्राला अनेक दिवसांचे श्रम लागतात. पाहुण्याने केवळ कौतुक करून स्वस्त कापड विकत घेतले, तर विणकराचा मुलगा मागावर कशाला बसेल? म्हणून आपल्या खर्चाच्या यादीत एक रक्कम आधीच बाजूला ठेवू. लहानशी का होईना, हाताने विणलेली एक पट्टी योग्य किंमत देऊन घेऊ. किंमत देताना ‘मेदासे’ म्हणावयास विसरू नका.

अभ्यास

१. प्रवासाच्या दोन प्रकारच्या तयारीत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे?
२. एकाच नक्षीचे नाव का बदलले? त्यातून लोकांचा कोणता विचार दिसतो?
३. ‘मानाने पोट भरत नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटावयास जाण्याची आखणी करा. त्याला विचारावयाचे पाच प्रश्न लिहा.