ट्रॉलीचे दिवे : ट्रॅक्टरची वीज मागे कशी जाते?

मुलांनो, सिन्नर-शिर्डी रस्त्याला संध्याकाळी कांद्याच्या, उसाच्या ट्रॉल्या तुम्ही बघताच. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे झगझगीत, आणि ट्रॉलीच्या मागे मात्र मिट्ट काळोख! मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तोवर उशीर झालेला असतो. आपण पुस्तकात शिकलेला विद्युत परिपथ इथे जीव वाचवतो, म्हणून आज हा पाठ.

ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीतूनच वीज मागे न्यावी लागते. त्यासाठी ७ पिनांचं सॉकेट मिळतं : दोन इंडिकेटर, दोन टेल लाईट, एक ब्रेक, एक अर्थ आणि एक जादा. युरोपात लोक मोटारीमागे चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन ओढतात. तिथे आतला फ्रीज आणि बॅटरीही चालवायची असते, म्हणून १३ पिना! बाकी तत्त्व तेच.

आता गणित करू. ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा असतो. २१ ÷ १२ = १.७५ अँपिअर. दोन बल्बांचे झाले ३.५ अँपिअर. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या टोकापर्यंत ८ मीटर धरा. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे १६ मीटर वायर. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर तिचा रोध साधारण ०.२७ ओहम. ३.५ × ०.२७ म्हणजे जवळपास १ व्होल्ट वायरमध्येच गेला. दिवा मंद. २.५ ची वायर घेतली तर जेमतेम ०.४ व्होल्ट जातो. चार पैसे वाचवायला बारीक वायर घेऊ नये ती यासाठी.

पण खरी गोम अर्थमध्ये आहे. बरेच जण अर्थची वायर टाकतच नाहीत. "हूक लोखंडाचाच आहे की, त्यातून जाईल वीज!" जाते, पण गंज, ग्रीस आणि हूकचा ढिलेपणा यामुळे धड जात नाही. मग गंमत बघा : इंडिकेटर दिला की टेल लाईटही लुकलुकते! कारण परतीची वाट बंद झालेली वीज टेलच्या बल्बमधून उलटी शिरते आणि त्याच वायरीने ट्रॅक्टरच्या दिव्यातून अर्थ गाठते. लोक बल्ब बदलत बसतात. बल्बचा काय दोष?

म्हणून अर्थला वेगळी, जाड वायर. बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज. वळणावर ताण येणार नाही इतकी वायर हूकजवळ सैल ठेवायची, पण जमिनीला घासू द्यायची नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढायची, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं.

घरी ट्रॉली असेल तर आज वडिलांना ब्रेक दाबायला सांगा, तुम्ही मागे लांब बाजूला उभे राहा. किती दिवे लागले, कोणता मंद आहे, वहीत लिहून आणा.