पट्टा नाही, म्हणून काळजीही नाही?

प्रश्न : टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ हा जुना टर्नटेबल विकत मिळतो आहे. डायरेक्ट ड्राइव्ह असल्याने बिघडत नाही म्हणतात. घ्यावा का? घरात नाट्यसंगीताच्या ७८च्या तबकड्याही आहेत.

उत्तर : मोटर फारशी दगा देत नाही, हे खरं. १९७९च्या या मॉडेलमध्ये तबकच मोटरचा फिरता भाग आहे, त्यामुळे झिजायला पट्टाच नाही. बिघाड बहुधा आजूबाजूला असतो.

यंत्र सुरू करून काठावरचे ठिपके पाहा. त्यांतली मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल दिव्यात स्थिर दिसली पाहिजे. मग गतीची पट्टी हळूहळू सरकवा. गती अचानक उडी मारत असेल तर पट्टीत धूळ आहे. साफ करून बहुतेक वेळा भागतं. टोनआर्म मात्र नीट तपासा. वजन समतोल करून तो तरंगता ठेवा आणि टोक बोटाने अलगद हलवा. खडखड लागली किंवा तो अडखळला, तर बेअरिंग गेलं असं समजा. ही दुरुस्ती महाग पडते, तेव्हा मी तरी घेणार नाही. (डीजेकडून आलेल्या यंत्रात हे फार दिसतं.) घरघर ऐकू आली तर आधी अर्थची तार बघा.

जपानी आवृत्ती १०० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर ती ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

राहिल्या ७८च्या तबकड्या. या यंत्रात फक्त ३३ आणि ४५ची गती आहे, शिवाय लाखेच्या तबकड्यांना जाड टोकाची सुई लागते. त्यांच्यासाठी वेगळं यंत्र बघा.