मनीला ल्युकेमिया झाला तर

मुलांनो, मागच्या सत्रात आपण 'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहिला. बहुतेकांनी मांजर निवडले. त्यात नवल नाही, नेदरलँड्समध्ये कुत्र्यांपेक्षा मांजरेच जास्त पाळली जातात. त्यांपैकी एका निबंधाचा शेवट असा होता : "माझ्या मनीला ल्युकेमिया झाला आहे. आई म्हणते, तिला मांडीवर घेऊ नकोस." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, पण वहीवर शेरा काय लिहावा ते मला सुचेना. म्हणून या वेळचा पाठ मनीवर. मोठ्या मुलांनी स्वतः वाचावा, लहानांना आईबाबांनी वाचून दाखवावा. खरे तर आईबाबांनीही तो वाचायला हवाच.

आधी आईच्या भीतीबद्दल. मांजराचा ल्युकेमिया माणसाला लागत नाही. कुत्र्यालाही लागत नाही. घोटाळा नावामुळे होतो. माणसांचा ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग, आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. मांजरांचा ल्युकेमिया एका विषाणूमुळे होतो आणि तो एका मांजराकडून दुसऱ्या मांजराकडे जातो. नाव एकच, पण रोग वेगवेगळे. तेव्हा मनीला खुशाल मांडीवर घ्या. मात्र आजारी मांजराच्या अंगात दुसरे जंतू असू शकतात. त्यामुळे तिची वाळूची पेटी साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने पेटीला हात लावू नये. हा नियम निरोगी मांजर असलेल्या घरातही पाळायचा असतो.

या विषाणूचा शोध १९६४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात लागला. एकाच घरातल्या अनेक मांजरांना एकाच प्रकारचा कर्करोग होत होता. पशुवैद्यक शास्त्रज्ञ विल्यम जॅरेट यांना वाटले की हा योगायोग नसावा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये विषाणूचे कण सापडले.

हा विषाणू करतो तरी काय? अशी कल्पना करा, की शरीरातल्या प्रत्येक पेशीत आजीच्या पाककृतींच्या वहीसारखी एक वही असते. पेशी ती वाचून आपले काम करते. हा विषाणू पेशीत शिरून त्या वहीत स्वतःचे एक पान चिकटवतो. पेशीला कुठे कळते की हे पान परक्याचे आहे! ती तेही वाचते आणि नवे विषाणू तयार करू लागते. चिकटवलेले पान औषधाने फाडून काढता येत नाही, म्हणून हा रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही.

पण प्रत्येक मांजराचे सारखे होत नाही. काही मांजरे विषाणूला सुरुवातीलाच हुसकावून लावतात. काहींच्या वहीत पान राहते, पण ते कोणी वाचत नाही. अशी मांजरे बहुधा आजारी पडत नाहीत आणि सहसा दुसऱ्यांना रोगही देत नाहीत. उरलेल्यांच्या रक्तात विषाणू कायम राहतो. त्यांना रक्तक्षय होतो, साध्या जंतूंशी लढण्याची शक्ती कमी होते, काहींना कर्करोग होतो. म्हणूनच एका तपासणीवर घाबरून निर्णय घेऊ नये. मांजर हिंडते-फिरते, खाते-पिते असेल तर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यावे. पहिल्याच दिवशी "इंजेक्शन देऊन झोपवून टाकू का?" असे विचारणाऱ्या पालकांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

मराठीत म्हण आहे : मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत. आई पिलाला मानेला धरून उचलते, पण त्याला दुखत नाही. दात लागत नाहीत हे खरे, पण लाळ लागते! हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो : एकमेकांचे अंग चाटण्यातून, एकाच वाटीत रोज जेवण्यातून, भांडणातल्या चाव्यातून. आईकडून पिलांना तो जन्माआधी किंवा दुधातूनही मिळतो. पिलांना धोका सर्वांत जास्त, वय वाढेल तसा तो कमी होतो. शरीराबाहेर मात्र हा विषाणू फार दुबळा. कोरड्या जागी तो लवकर मरतो आणि साबणापुढे टिकत नाही.

आता मनीची काळजी. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे दार बंद ठेवणे. इथल्या रांगेतल्या घरांची मागची अंगणे एकमेकांना लागून असतात आणि मांजरे कुंपणांवरून साऱ्या गल्लीचा फेरफटका मारतात. मनीने घरातच राहायला हवे. त्यामुळे शेजाऱ्यांची मांजरे सुरक्षित राहतात आणि बाहेरच्या जंतूंपासून तीही वाचते. पहिले काही आठवडे ती मांजरदारापाशी बसून ओरडेल, तुमचा जीव तुटेल. तरी दार उघडू नका. खिडकीत बसायला जागा करा, रोज दोनदा तिच्याशी खेळा. बाल्कनीला जाळी लावता आली तर फारच उत्तम.

खाणे नेहमीचे, पण शिजवलेले. प्राण्यांच्या दुकानात गोठवलेले कच्चे मांस मिळते, ते तिला देऊ नये. आणि आपल्याकडची वाटीभर दुधाची सवय! बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. आजारी मांजराला ते परवडणारे नाही. पाणीच द्या.

वर्षातून निदान दोनदा पशुवैद्यांकडे न्यावे. शस्त्रक्रिया झाली नसेल तर करून घ्यावी, म्हणजे पिलांचा प्रश्न राहत नाही. अधूनमधून ओठ हळूच उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या पांढरट दिसल्या, तिने दिवसभर काही खाल्ले नाही किंवा धाप लागली, तर "सोमवारी बघू" म्हणू नये.

घरात दुसरे मांजर असेल तर त्याचेही रक्त तपासावे. ते निरोगी निघाले तर दोघांना वेगळे ठेवणे चांगले. त्याला लसही देता येते, पण लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. आधीच लागण झालेल्या मनीला तिचा उपयोग नाही. लसीच्या इतिहासात आपल्या या छोट्या देशाचाही वाटा आहे. बिल्टहोवनचे अल्बर्ट ओस्टरहाउस, ज्यांचे नाव पुढे माणसांच्या साथींच्या बातम्यांत वारंवार आले, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या विषाणूविरुद्धच्या एका प्रायोगिक लसीवरचे संशोधन प्रसिद्ध केले. ३२ युरोपीय देशांतल्या सुमारे सहा हजार मांजरांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत शंभरांत दोन-तीन मांजरांच्या लाळेत विषाणू सापडला. उत्तरेकडे प्रमाण कमी, दक्षिणेकडे जास्त. सुट्टीत स्पेन-इटलीहून पिलू आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

उन्हाळ्याचा प्रश्न आपल्याच लोकांचा. सहा आठवडे शाळेला सुट्टी, विमानाची तिकिटे काढलेली, आणि मनी? इतर मांजरांसोबत तिला पाळणाघरात ठेवणे योग्य नाही. घरी येऊन बघणारे कोणी शोधावे. आपल्या वर्गातली कुटुंबे एकमेकांना हे काम सहज करू शकतील. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी पुढे यावे.

निबंधात न विचारलेला एक प्रश्न राहिला : मनी मरणार का? मुलांशी खोटे बोलू नये असे मला वाटते. ज्यांच्या रक्तात विषाणू कायम राहतो, त्यांपैकी बरीच मांजरे निदानानंतर तीनएक वर्षांत जातात. काही त्याहून पुष्कळ जास्त जगतात. मनी कोणत्या गटातली हे आज कोणी सांगू शकत नाही. पण आज ती खिडकीत बसून पक्षी बघते आहे, आणि तिला आज भूक लागली आहे.

शब्दार्थ : विषाणू – डोळ्यांना न दिसणारा, पेशीत शिरून वाढणारा रोगकारक. लाळ – तोंडातले पाणी. रक्तक्षय – रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होणे. निदान – (१) रोग ओळखणे; (२) कमीत कमी. या पाठात दोन्ही अर्थ आले आहेत, शोधा.

स्वाध्याय : दर शनिवारी मनीला उचलून घ्या आणि वजनकाट्यावर उभे राहा. मग एकट्याने उभे राहा. मनीला घेऊन ३५ किलो २०० ग्रॅम, एकट्याचे ३१ किलो ४०० ग्रॅम, तर मनीचे वजन किती? पुढच्या महिन्यात ती ३ किलो ५०० ग्रॅम भरली, तर कोणाला फोन कराल? उत्तर पूर्ण वाक्यात लिहा.